जोड कोण लावतं? कॅनेलो, बेनाविदेझ आणि कोपरखैरण्यातला एक रविवार

१४ सप्टेंबर २०२५, रविवार सकाळ. पितृपक्ष चालू असल्यामुळे नवा टीव्ही घ्यायचं पुढं ढकललेलं, म्हणून जुन्याच ३२ इंचीसमोर आम्ही चौघं दाटीवाटीनं बसलो होतो. बिल्डिंगमधल्या बाकीच्यांचं लक्ष संध्याकाळच्या भारत-पाकिस्तान सामन्याकडे. तो खेळावा की खेळू नये यावर जिन्यात आदल्या रात्रीपासून वाद चाललेले. आमच्या घरात मात्र लास व्हेगासची शनिवारची रात्र अजून संपायची होती. बॉक्सिंगची लढत, मेक्सिकोचा साऊल ‘कॅनेलो’ आल्वारेझ विरुद्ध अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड, सुपर मिडलवेट गट, जगज्जेतेपदाचे चारही पट्टे पणाला.

चौघं म्हणजे मी, वाशीच्या फळबाजारात एका गाळ्यावर वीस वर्षं हिशेब लिहिणारा. माझा भाचा, वय बावीस, तुर्भ्याला गोदामात नोकरी आणि संध्याकाळी घणसोलीतल्या एका बेसमेंटमधल्या जिममध्ये बॉक्सिंग. त्याचे सर, लष्करात असताना बॉक्सिंग केलेले, म्हणून सगळे त्यांना फौजी सर म्हणतात. आणि माथाडी वसाहतीतले नाना, मूळचे खटाव तालुक्यातले. तरुणपणी पैलवानकी, मग तीस वर्षं पाठीवर कांद्याची पोती. नानांना बॉक्सिंगमधलं काही कळत नाही. आपण पोह्यांसाठी आलोय, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं होतं.

दोघे रिंगमध्ये समोरासमोर उभे राहिले आणि नाना म्हणाले, “ह्यो एवढा बारका गडी त्येच्याम्होरं कुणी हुबा केला?”

भाच्याला हेच हवं होतं. “नाना, त्यानंच निवडलाय. चॅम्पियन ठरवतो कोणाशी खेळायचं ते. खरा तोडीचा गडी बाहेर बसलाय, त्याला हा तीन वर्षं टाळतोय.”

“म्हंजे गडी आपली जोड आपणच लावतो?” नानांनी बशी खाली ठेवली. “मग पंच काय हलगी वाजवत्यात?”

पुढचा तासभर लढत कमी आणि वाद जास्त झाला. त्यानंतर तीन महिन्यांत हाच वाद आमच्या घरातल्या एका कागदापर्यंत येऊन पोचला. दोन्ही एकाच प्रकरणाची टोकं आहेत असं मला वाटतं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

बाहेर बसलेला गडी

आधी घडलं काय ते. ६ नोव्हेंबर २०२१ ला कॅनेलोनं केलब प्लँटला अकराव्या फेरीत संपवलं आणि १६८ पौंडांत, म्हणजे सव्वाशहात्तर किलोच्या गटात, तो जगज्जेतेपदाचे पट्टे देणाऱ्या चारही संघटनांचा एकमेव चॅम्पियन झाला. पुढच्या मे महिन्यात डेव्हिड बेनाविदेझनं त्याच गटाचा, त्या चारपैकी डब्ल्यूबीसी या संघटनेचा, हंगामी पट्टा जिंकला. हंगामी चॅम्पियन म्हणजे वेटिंग लिस्टमधला एक नंबर. तिकीट हातात, पण बर्थ कधी मिळेल ते सांगता येत नाही. बेनाविदेझ सहा फूट दोन इंच, कॅनेलो जेमतेम पाच फूट आठ. वयानं सहा वर्षांनी लहान, आणि एकदा ठोसे टाकायला लागला की थांबत नाही. त्याच्या बापाची मुळं मेक्सिकोतली, त्यामुळे कॅनेलोचे निम्मे चाहते त्याचेही चाहते. ही लढत विकायला जाहिरातसुद्धा लागली नसती.

ती झाली नाही. कॅनेलो वरच्या गटातल्या बिवोलशी लढला आणि हरला, जुना प्रतिस्पर्धी गोलोव्किनशी तिसऱ्यांदा लढला, मग मे २०२३ मध्ये ग्वादालाहाराच्या घरच्या मैदानावर जॉन रायडर, सप्टेंबरात दोन वजनगट खालून वर आलेला जर्मेल चार्लो, मे २०२४ मध्ये हायमे मुंगिया, सप्टेंबरात एडगर बर्लांगा. त्याच काळात बेनाविदेझनं प्लँटला आणि डेमेट्रियस अँड्राडला हरवलं, वाट पाहून कंटाळला आणि जून २०२४ मध्ये वरच्या, १७५ पौंडांच्या गटात निघून गेला. तिथं तो २०२५ मध्ये चॅम्पियन झाला.

भाच्याची बाजू एवढीच, आणि ती मजबूत आहे. तारखा बघा, म्हणतो.

तारखांमध्ये आणखी एक गोष्ट दिसते, ती मला बाजारातला माणूस म्हणून आधी दिसली. कॅनेलो जवळजवळ नेहमी वर्षात दोनदाच लढतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि सप्टेंबरच्या मध्यावर. एक ‘सिन्को दे मायो’चा आठवडा, दुसरा मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाचा. दोन्ही सणाचे दिवस, व्हेगास मेक्सिकन लोकांनी भरलेलं, समोर कोणीही असला तरी तिकिटं खपतात. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात कुठलाच अडत्या नवख्या बागेचा माल लावून बघत नाही. जे हमखास जाणार तेच पुढे मांडतो. गिऱ्हाईक आपल्या पायानं येणार असेल तर जोखीम कशासाठी घ्यायची?

रुमालाखालचा भाव

मार्च २०२४ च्या सुमाराला कॅनेलो उघडपणे म्हणाला होता की कुणी १५ ते २० कोटी डॉलर देत असेल तर बेनाविदेझशी आत्ता लढतो. भाचा याला उर्मटपणा म्हणतो. फौजी सर म्हणतात, धंदा आहे, भाव सांगितला, चुकलं काय?

इथं मी दोघांशीही सहमत नाही. फळबाजारात हापूसचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायची रीत होती. त्या रीतीत एक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायची. ज्याला पेटी विकायचीच नाही तो ‘नाही’ म्हणत नाही, बोटं जास्त दाबतो. ‘नाही’ म्हटलं की संबंध तुटतो, भाव चढवून सांगितला की दोष समोरच्याच्या खिशाला जातो. कॅनेलोनं तेच केलं. विकायचा भाव होता असं मला वाटत नाही, तो न विकण्याचा भाव होता. त्यामुळे टाळलं का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ ‘हो’ असं आहे. घाबरला का, हे मात्र त्यावरून कळत नाही, आणि हे दोन प्रश्न लोक सर्रास एकच धरून चालतात.

कारण हा माणूस पळपुटा असता तर त्याची जुनी यादी अशी दिसली नसती. ऑस्टिन ट्राउट आणि एरिस्लांडी लारा हे दोघेही डावखुरे, बघायला कंटाळवाणे आणि हरवायला कठीण. बड्या नावांपैकी कुणालाच ते समोर नको असायचे, हा दोघांशी लढला. २०२२ मध्ये एक गट वर जाऊन बिवोलशी लढायची कुणी सक्ती केली नव्हती. स्वतःहून गेला आणि स्पष्ट हरून आला.

“आणि गोलोव्किन?” भाचा.

हां. गोलोव्किनच्या वेळी आंब्याच्या अढीची गोष्ट येते. मे २०१६ मध्ये त्याच्याशी लढायची वेळ गळ्याशी आली तेव्हा कॅनेलोनं डब्ल्यूबीसीचा मिडलवेट पट्टा सोडून दिला. प्रत्यक्ष लढत झाली सप्टेंबर २०१७ मध्ये, गोलोव्किन पस्तिशीचा झाल्यावर. बरोबरीत सुटली, आणि एका पंच बाईंनी ११८-११० असे गुण कॅनेलोला दिले होते, ते आठवलं की भाचा अजून उशी फेकतो. अमेरिकेतले प्रवर्तक, म्हणजे लढती भरवणारे, अशा थांबण्याला लढत ‘मॅरिनेट’ करणं म्हणतात. आम्ही आंबा अढीत घालतो तसंच हे. गवतात दडवून ठेवायचा, उष्णता आपसूक धरते, रंग चढतो, भाव चढतो.

अढीतला सगळ्यात मोठा आंबा मेवेदर आणि पॅकियाव या बॉक्सरांच्या लढतीचा. २००९ च्या अखेरीस बोलणी सुरू झाली, रक्त तपासणीच्या अटींवर फिसकटली, आणि लढत लागली २ मे २०१५ ला. मधल्या काळात, डिसेंबर २०१२ मध्ये, मार्केझनं पॅकियावला सहाव्या फेरीत तोंडावर झोपवला होता. म्हणजे अढीतलं एक फळ आतून गेलेलं, तरी पेटी विक्रमी भावात गेली. एकट्या अमेरिकेत ४६ लाख लोकांनी शंभर डॉलरच्या आसपास मोजून ती बघितली. आपल्याकडे तो रविवार होता. मी तेव्हा ऐरोलीत एका मित्राकडे बघायला गेलो होतो, आणि बारा फेऱ्यांनंतर मित्राच्या बायकोनं विचारलं, “झाली का सुरू?”

पाच वर्षं उशीर होऊनही कुणाचं नुकसान झालं नाही, बघणारे सोडून. प्रवर्तकांनी यातून जो धडा घेतला तो आपल्याला आवडणारा नाही.

नियमानं लावलेली जोड

नानांचा प्रश्न तसाच राहिला होता. पंच कुठं आहेत?

आहेत, चार ठिकाणी आहेत. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. चौघांचे वेगळे पट्टे, वेगळी क्रमवारी. प्रत्येकाकडे एक ‘अनिवार्य आव्हानवीर’ असतो आणि ठराविक मुदतीत चॅम्पियननं त्याच्याशी लढायचं असतं. बोलणी जुळली नाहीत तर लढतीचा लिलाव होतो. प्रवर्तकांनी बंद पाकिटात आकडे द्यायचे, मोठा आकडा ज्याचा त्याला लढत भरवायचा हक्क, आणि पैसे दोघांत ठरलेल्या प्रमाणात वाटायचे. कागदावर वाचलं तर आमच्या बाजार समितीपेक्षा चोख.

गोम पुढे आहे. या संघटनांचं पोट चालतं ते पट्ट्याच्या लढतीच्या मानधनातल्या टक्क्यांवर, साधारण तीन टक्के. आता तुम्ही पंच आहात असं धरा. एका बाजूला कॅनेलो, ज्याच्या एका लढतीच्या टक्क्यांत तुमचं ऑफिस वर्षभर चालेल. दुसऱ्या बाजूला कुणीतरी आव्हानवीर, ज्याचं नाव उच्चारता येत नाही. कॅनेलोचा पट्टा काढून घ्याल? डब्ल्यूबीसीनं २०१९ मध्ये मिडलवेट गटात तर ‘फ्रँचायझी चॅम्पियन’ नावाची नवीच खुर्ची काढून कॅनेलोला तीवर बसवलं. त्या खुर्चीवर बसलेल्याला अनिवार्य आव्हानवीराची कटकट नाही. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, “आमच्याकडं अशाला गावचा जावई म्हणत्यात.”

एका संघटनेनं मात्र नियम खरोखर चालवला. जुलै २०२४ मध्ये आयबीएफनं कॅनेलोचा पट्टा काढला, कारण तो त्यांच्या अनिवार्य आव्हानवीराऐवजी बर्लांगाशी लढणार होता. त्या आव्हानवीराचं नाव विल्यम स्कल. स्कलनं रिकामा पट्टा जिंकला, आणि मे २०२५ मध्ये रियाधला कॅनेलो तो परत घ्यायला त्याच्यासमोर उभा राहिला. म्हणजे नियमानं सांगितलेली जोड शेवटी लागली. निकाल काय? बारा फेऱ्यांत दोघांनी मिळून ४४५ ठोसे टाकले, कॅनेलोचे त्यातले १५२. ठोसे मोजायला लागल्यापासून बारा फेऱ्यांच्या लढतीत इतके कमी कधीच पडले नव्हते. स्कल रिंगभर फिरत राहिला, कॅनेलो त्याच्या मागे चालत राहिला. आमच्याकडे रविवारी सकाळी ती बघताना भाचा झोपला होता, त्याला मी उठवलं नाही.

म्हणून ‘नियम कडक करा, चॅम्पियनला निवडच देऊ नका’ हे म्हणणं मला पटत नाही. नियमाची जोड आणि लोकांना हवी असलेली जोड या एकच असतात असं नाही. स्कल नियमात बसत होता. लोकांना बेनाविदेझ हवा होता. आणि बेनाविदेझ तोवर गट सोडून गेला होता, हेही विसरून चालणार नाही. रांगेत उभा राहणाऱ्यालाही पोट असतं.

फौजी सरांची आवडती गोष्ट रिडिक बोची. नोव्हेंबर १९९२ मध्ये होलीफील्डला हरवून तो हेवीवेटचा निर्विवाद चॅम्पियन झाला. डब्ल्यूबीसीनं सांगितलं, आता लेनक्स लुईसशी लढ. लुईसनं त्याला सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत हरवलेलं होतं. बोनं लंडनला पत्रकार बोलावले आणि सगळ्यांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. “निदान उघडपणे टाकला,” सर म्हणतात. “आजकाल वकील टाकतात.”

नानांचा फड

या सगळ्यावर नाना गप्प होते. चहा आल्यावर बोलायला लागले आणि पाचव्या-सहाव्या फेरीकडे आमचं लक्षच राहिलं नाही.

त्यांच्या गावच्या जत्रेत सकाळी रेवड्यांच्या कुस्त्या लागायच्या, मग नारळावरच्या, मग पैशाच्या, आणि उन्हं कलली की नावाच्या. बारकी पोरं लंगोट लावून फडात फेरी मारायची. पंच एकाचं मनगट धरून दुसऱ्या पोराशेजारी उभा करायचे. उंची बघायची, खांदा बघायचा, मांडीवर थाप मारून बघायची. “आन कान बघायचं,” नाना म्हणाले. कान मोडलेला असला म्हणजे पोरगं तालमीत मुरलेलं. दिसायला किरकोळ असलं तरी त्याला नवख्यावर सोडायचं नाही. म्हणून काही बेरकी पोरं कानाला रुमाल बांधून फेरी मारायची, सोपा गडी मिळावा म्हणून. पंच आधी रुमाल सोडायला लावायचे.

“तुमीबी बांधला होता का?” मी विचारलं.

“एकदाच.” नानांनी डावा कान चोळला. तो कान बघितला की फुलकोबीचा तुरा आठवतो. “वळखला लगीच. पंच म्हनला, ह्येला मोठ्यात लावा. खाल्ला मार.”

भाचा लगेच खूश. बघा, म्हणाला, अशीच पद्धत पाहिजे, गड्याला विचारायचंच नाही. नानांनी त्यालाही सोडलं नाही. मोठ्या कुस्त्या अशा ऐनवेळी लागत नाहीत, त्या महिनाभर आधी ठरतात, पोस्टर छापलं जातं, एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची कुस्ती, दोघांचे फोटो, इनाम. ते कमिटी ठरवते. आणि कमिटीला वर्गणी गोळा करायची असते. गावचा पैलवान मातीला लागला तर पुढच्या वर्षी वर्गणी आटते, म्हणून त्याच्यासमोर बाहेरचा कोण आणायचा हे बघून-सवरून ठरतं. दोघांनी आधीच ठरवून धरलेली नुरा कुस्ती तर सगळ्यांनाच माहीत आहे.

“मग फरक काय राहिला?” सरांनी विचारलं.

नानांनी जरा विचार केला. “कमिटी गावात ऱ्हाती. खराब जोड लावली तर सकाळी पारावर लोक शिव्या घालत्यात. तुमच्या त्या कमिटीचं गाव कुटं हाय?”

याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. क्रॉफर्डची लढत लावणारी कमिटी म्हणजे पैसा सौदीतल्या रियाध सीझन नावाच्या महोत्सवाचा, प्रक्षेपण नेटफ्लिक्सचं, रिंग नेवाडातली, पट्टे चार ठिकाणच्या चार ऑफिसांचे. पार कुठला, शिव्या कुठं घालायच्या?

एक गोष्ट मी त्या दिवशी बोललो नाही, नंतर हिशेब करताना लक्षात आली. बरोबर एक तप आधी, सप्टेंबर २०१३ मध्ये, तेवीस वर्षांचा कॅनेलो मेवेदरसमोर उभा राहिला होता. गट १५४ पौंडांचा, पण करारात वजन लिहिलं होतं १५२. अंगानं कॅनेलो मोठा, दोन पौंड सुकवून यायचं त्यानं. हरला. तेव्हा पेन मेवेदरच्या हातात होतं. नंतर ते कॅनेलोच्या हातात आलं आणि २०१६ मध्ये ब्रिटनचा बॉक्सर आमीर खान दोन गट खालून वर येऊन त्याच्यासमोर उभा राहिला तेव्हा १५५ पौंडांचा आकडा लिहिणारी बाजू कॅनेलोची होती. खान सहाव्या फेरीत जो आडवा झाला ते बघवत नाही.

टीव्हीवर तोवर वेगळंच चाललं होतं. ज्याला नाना बारका म्हणत होते तो क्रॉफर्ड, ३७ वर्षांचा, आयुष्यातले बरेच दिवस १४७ आणि त्याखाली घालवलेला, कॅनेलोच्या पुढ्यात उभा राहून त्याला चुकवत होता आणि आत-बाहेर करत मारत होता. बारावी फेरी संपली तेव्हा कुणाला शंका नव्हती. ११६-११२, ११५-११३, ११५-११३. तीन वजनगटांत चारही पट्टे घेणारा पहिला पुरुष बॉक्सर.

“सोपा म्हनून आनला हुता न्हवं?” नाना.

तो सोपा म्हणून आणला होता असं म्हणणं खरं तर क्रॉफर्डवर अन्याय आहे, सट्ट्याच्या बाजारातही कॅनेलो थोडासाच वरचढ होता. पण भाच्याचं सकाळचं वाक्य त्याच्याच अंगावर आलं होतं, आणि तो उठून भांडी घासायला गेला. आमच्या घरात हे दुसऱ्यांदाच घडलं असेल.

घरातलं प्रकरण

ऑक्टोबरच्या मध्यावर भाच्याला एका आयोजकाचा फोन आला. नवी मुंबईतच एका हॉलमध्ये व्यावसायिक लढतींचं कार्ड, म्हणजे एका कार्यक्रमातल्या लढतींची यादी. चार फेऱ्या, बारा हजार रुपये, नऊ दिवसांची मुदत. वजन ६६ किलो, भाचा लढतो साडेत्रेसष्टला. समोरचा सहा लढती खेळून सहाही जिंकलेला. भाच्यानं फोनवरच हो म्हटलं. सगळ्यात जास्त आनंद त्याला या गोष्टीचा झाला होता की तिकिटं विकायची अट नाही. जिममधली बाकीची पोरं पहिल्या लढतीला चाळीस-पन्नास तिकिटं मित्रांच्या गळ्यात मारत फिरतात.

फौजी सरांनी ऐकलं आणि विचारलं, “तिकिटं दिली नाहीत?”

“नाही सर.”

“मग तू पाहुणा आहेस.”

त्यांनी जे समजावलं ते मला तोवर माहीत नव्हतं. छोट्या कार्डवर दोन बाजू असतात. घरची बाजू तिकिटं विकते, तिच्या पोराचा रेकॉर्ड वाढवायचा असतो. पाहुण्याची बाजू पैसे घेते आणि हरून घरी जाते. म्हणून पाहुण्याला तिकिटं देत नाहीत, त्याचे लोक कशाला येतील? इंग्लंडमध्ये पीटर बकली नावाचा बॉक्सर यातच आयुष्य काढून गेला. ३०० लढती, त्यातल्या २५६ हरला, आणि आपलं काम त्याला चोख जमत होतं, कारण नवख्या पोराला सगळ्या फेऱ्या खेळवून तो स्वतः धड घरी जायचा. “त्याला ते येत होतं,” सर म्हणाले. “तुला येत नाही. तू मारामारी करायला जाशील.”

आणि त्यांनी आयोजकाला नाही म्हणून कळवलं.

भाचा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. माझ्याशी बोलला तेव्हा आवाज चढलेला. “मामा, मग मी पण टाळलंच ना? मला काय अधिकार आहे त्याला शिव्या घालायचा?” जिममध्ये पोरांनी त्याचं नाव कॅनेलो ठेवलं होतं. कपाटावर खडूनं लिहून ठेवलं होतं, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसकट.

मी त्याला विजेंदर सिंगचं उदाहरण दिलं, कारण सर ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीला एनएससीआयच्या हॉलमध्ये त्याची लढत बघायला गेले होते आणि ती गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलीय. बीजिंग ऑलिंपिकचं कांस्य जिंकलेला माणूस व्यावसायिक झाला तेव्हा त्यालाही पहिली वर्षं बेतानंच गडी दिले गेले. ओळीनं बारा जिंकला. मग मार्च २०२१ मध्ये गोव्यात कॅसिनोच्या जहाजावर आर्तिश लोपसाननं पाचव्या फेरीत पहिला पराभव दाखवला. यातून भाच्यानं काय घ्यावं हे मला स्वतःलाच ठरवता आलं नाही, म्हणून मी मध्येच थांबलो. त्यानं ‘मग?’ असंही विचारलं नाही.

डिसेंबरात दुसरा आयोजक, दुसरं कार्ड. समोरचा पोरगा दोन लढतींचा, एक जिंकलेला, वजन साडेत्रेसष्ट. चाळीस तिकिटं विकायची, पाचशेचं एक. सर म्हणाले, ही जोड ठीक आहे. नानांनी वसाहतीत नऊ तिकिटं खपवली, तिघांना तर हा कुस्त्यांचाच फड आहे असं सांगून.

करार एका पानाचा, इंग्रजीत. वाचायला माझ्याकडे आला. सातव्या कलमात लिहिलं होतं की वजन होईपर्यंत प्रतिस्पर्धी बदलण्याचा अधिकार आयोजकाला राहील. मी समासात पेनानं दोन ओळी वाढवल्या. बदललेल्या गड्याचं वजन ६४ च्या वर नसावं, आणि बदलाला बॉक्सरची लेखी संमती लागेल. आयोजकाचा माणूस हसला. “काका, या लेव्हलला असं कोण लिहितं?” त्यानं वजनाची ओळ ठेवली, संमतीची खोडली, खोडल्यावर सही केली. भाच्यानंही केली.

लढतीच्या आदल्या दिवशी वजनाला आम्ही चौघंही गेलो. हॉलच्या मागच्या खोलीत एक वजनकाटा, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेला प्रायोजकांचा बॅनर. तिथं कळलं की ठरलेला पोरगा तापानं आजारी आहे, त्याऐवजी दुसरा आणलाय. काट्यावर ६३.८. कलमात बसत होता. चार लढती, दोन जिंकलेल्या, दोन हरलेल्या.

नाना त्या पोराभोवती एक चक्कर मारून आले. “कान साफ हाय,” हळूच म्हणाले. “पर नाक बग. लई ठिकानी फिरून आलंय त्ये.”

सरांनी पाच मिनिटं मागितली आणि आम्ही जिन्यात आलो. नाही म्हणायचं तर अजून वेळ होता. पण चाळीस तिकिटं गेली होती, त्यातली नऊ नानांची. सरांनी माझ्याकडे बघितलं, कारण कागद माझ्या खिशात होता. मी नानांकडे बघितलं. नानांनी आत बघितलं. बॅनरसमोर भाचा त्या पोराच्या नाकाला नाक लावून, मुठी वर करून फोटोला उभा होता.